बुचात खोचलेली सुई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाल्यावर आपल्या जिल्हा पुरवणीत आमच्या भागात बोगस डॉक्टर पकडल्याची बातमी आली होती. सोबत फोटो होता. टेबलावर औषधांच्या बाटल्या मांडलेल्या आणि मागे पथकातली माणसं ओळीनं उभी. वाचून बरं वाटलं. पण माझी नजर अडकली ती त्यातल्या एका बाटलीवर. तिच्या रबरी बुचात एक सुई उभी खोचून ठेवलेली होती. अगदी तशीच बाटली आणि तशीच खोचलेली सुई मी त्याच्या आठच दिवस आधी पाहिली होती. ती बोगस डॉक्टरकडे नव्हती. भिंतीवर चौकटीत पदवी, पाटीवर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि दारात चपलांचा ढीग, असं सगळं असलेल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होती. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. कापायचं तर कापा, पण सुईचा भाग तेवढा ठेवा.

मी कोण, तेही सांगते. 1984 साली एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्सबाई म्हणून लागले आणि 2017 मध्ये आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायचो. घड्याळ लावून वीस मिनिटं, आणि मध्येच रॉकेल संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. पुढे लसीकरणासाठी प्रेशर कुकरसारखे स्टरिलायझर आले, आणि 2005 च्या सुमारास एकदा टोचली की आपोआप अडकणारी एडी सिरिंज आली. सुई या एका वस्तूवर माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, तेव्हा तिच्याबद्दल मला थोडं बोलता येतं.

तर झालं असं. माझा सात वर्षांचा नातू तापानं फणफणला होता. मंगळवार, बाजाराचा दिवस, दवाखाना खच्चून भरलेला. दोन खोल्यांचा दवाखाना आहे. पुढे बाकडी, मग डॉक्टरांचं टेबल, आणि हिरव्या पडद्यामागे तीन खाटा. त्या दिवशी तिन्ही खाटांवर ऊसतोडीचे मजूर होते, भिंतीतल्या खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. कोपऱ्यातल्या लाकडी टेबलावर स्टीलचा डबा, त्यात स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेला कापूस. शेजारी बी-कॉम्प्लेक्सची तपकिरी बाटली, आणि तिच्या बुचात ती सुई.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना यात काय वावगं आहे हे कळणार नाही, म्हणून नीट सांगते. मोठ्या बाटलीतून दिवसभरात वीस-पंचवीस जणांना औषध काढायचं असतं. दरवेळी नवी सुई बुचात घालायची, काढायची, टाकायची, यात वेळ जातो. मग एक सुई बुचातच ठेवायची, सिरिंज तिला जोडायची, औषध ओढायचं, सिरिंज काढून तिला दुसरी सुई लावायची आणि टोचायचं. झटपट काम होतं. पण बुचात सुई राहिली म्हणजे बाटलीचं तोंड दिवसभर उघडं राहिलं. धूळ, हात, खोकला, सगळ्याला आत जायला वाट. आणि याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. एखाद्या रुग्णाला एकदा टोचून झालं, आणखी थोडं औषध हवं म्हणून सुई बदलून तीच सिरिंज पुन्हा बाटलीला लावली, की त्या माणसाचं रक्त बाटलीत गेलंच म्हणून समजा. सुई बदलली तरी सिरिंजच्या तोंडाशी रक्त असतं, डोळ्यांना दिसणार नाही एवढं. मग त्या बाटलीतून पुढच्या प्रत्येकाच्या दंडात काय जातं?

लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचा घालू नये, हे आपल्या घरात पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. बरणी नासते. इथे नासतं ते माणसाचं यकृत. कावीळ ब (हिपॅटायटिस बी) चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. स्पिरिटचा बोळा फिरवून तो जातो असं समजणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की डब्यात भिजवून ठेवलेला कापूससुद्धा वापरू नका असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या डब्यात दिवसभर बोटं बुडतात, आणि स्पिरिट उडून जाऊन नुसता ओला कापूस उरतो.

हे कुठे घडलेलं नाही असं नाही. 2009 मध्ये गुजरातेत मोडासा भागात कावीळ ब ची साथ आली आणि कितीतरी माणसं दगावली. शोध घेत गेल्यावर बोट गेलं ते खासगी दवाखान्यांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे. 2018 मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एचआयव्हीचे रुग्ण एकाएकी सापडू लागले, तेव्हा नाव आलं ते सायकलवरून फिरून स्वस्तात सुई टोचणाऱ्या झोळीवाल्याचं. बांगरमऊचा प्रकार बोगस डॉक्टरच्या खात्यावर टाकता येतो. मोडाशात मात्र रीतसर पाट्या लावलेले दवाखाने होते.

एक आडवळणाची गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. पूर्वी डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाच्या 30 मिलीच्या बाटल्या मिळायच्या आणि जवळपास प्रत्येक दवाखान्यात त्यांच्या बुचात अशीच सुई असायची. 2015 मध्ये सरकारनं माणसांसाठी ते इंजेक्शन 3 मिलीच्या, एकाच डोसच्या कुपीतच विकायचं असा नियम केला. का, तर गिधाडांसाठी! गुरांना हे औषध दिलेलं असलं आणि ते जनावर मेलं, की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरायची. म्हणून 2006 मध्येच गुरांसाठी त्यावर बंदी आली होती, पण माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. शेवटी बाटलीच लहान केली. गिधाडं वाचावीत म्हणून आणलेल्या नियमानं माणसांच्या दंडात जाणारी एक घाण कमी झाली. माणसांसाठी म्हणून असा नियम कुणी केला असता का, हा प्रश्न मी अधूनमधून स्वतःला विचारते.

आता त्या दवाखान्यातल्या पोरीकडे वळते. खरं म्हणजे हे पत्र तिच्यामुळेच लिहायला बसले.

तिथे इंजेक्शन डॉक्टर देत नाहीत, ती देते. वय असेल वीस-एकवीस. बारावी झालेली, नर्सिंगचं कसलंही शिक्षण नाही. डॉक्टर टेबलावरून आवाज देतात, ती पडद्याआडून सिरिंज भरून आणते. हात हलका आहे तिचा, माझ्या नातवालाही रडू दिलं नाही. पण टोचून झाल्यावर तिनं काय केलं, तर डाव्या हातात टोपण धरलं आणि उजव्या हातानं सुई त्यात घातली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी म्हणाले, "अगं, टोपण घालू नको, टोचेल."

ती हसली. "टोचतंय की काकू अधनंमधनं. सवय झाली आता."

"मग काय करतेस?"

"दाबून रक्त काढायचं नि डेटॉल लावायचं."

"कावीळ ब ची लस घेतलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. लहानपणी सगळ्या लसी झाल्यात म्हणाली.

संपादक महाराज, 1997 साली एका संध्याकाळी अशीच टोपण घालताना मला सुई टोचली होती. रुग्ण ट्रकवर क्लीनर होता, हाडं निघालेला, महिनाभर ताप. आज आपल्याला ठाऊक आहे की टोचल्या टोचल्या साबणानं वाहत्या पाण्यात धुवायचं, दाबायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही, आणि रुग्णाला एचआयव्ही असण्याची शक्यता असली तर जितक्या लवकर, जमल्यास दोन तासांत, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत औषध सुरू करायचं. ते सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं. तेव्हा आमच्या केंद्रात हे सांगायलाही कुणी नव्हतं. सांगलीला जाऊन रक्त तपासून घेतलं, आणि मग तीन महिन्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा. ते सहा महिने मी घरात कुणाला काही बोलले नाही. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याच्यासाठी आंब्याची फोड कापताना बोटाला विळी लागली, तर मी ताट, विळी, फोडी सगळं उचलून मागच्या दारी नेऊन टाकलं. सासूबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं. निकाल चांगला आला म्हणून आज हे लिहिते आहे. आमच्या शिकवणीत आकडे होते, तीस, तीन आणि शून्य पूर्णांक तीन. लागण झालेल्या माणसाची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली तर कावीळ ब होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत, कावीळ क ची सुमारे तीन, एचआयव्हीची 0.3. यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर लस आहे. तीन डोस घ्यायचे, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. महिना पाच हजारांवर राबणाऱ्या पोरीला ती कुणी दिली नाही, कारण तिला ती द्यायची असते हेच कुणाच्या गावी नाही.

आणि हे कायद्यात नाही असं कुणी म्हणू नये. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम मोठ्या इस्पितळांइतकेच एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्यायची, आणि कामावर घेताना व नंतर दरवर्षी निदान एकदा प्रशिक्षण द्यायचं. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. त्या दवाखान्यात कचरा नेणाऱ्या गाडीशी केलेल्या कराराचा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे. लाल आणि पिवळी पिशवीही आहे, अगदी नवीकोरी, घडी न मोडलेली. सुया मात्र बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत. ती बाटली भरली की कुठे जाते, ते मी विचारलं नाही. सकाळी घंटागाडीवरचा माणूस हातमोज्यांशिवाय कचरा चाळताना मी रोज बघते, मला उत्तर ठाऊक होतं.

आता डॉक्टरांची बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. माणूस वाईट नाही. करोनात गावातले बाकीचे दवाखाने बंद होते तेव्हा हे दार उघडं होतं. रात्री दोनला हाक मारली तरी उठतात. तपासणी, सुई, दोन दिवसांच्या गोळ्या, सगळे मिळून शंभर रुपये. गर्दी पांगल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हेही मी मोठेपणच समजते. म्हणाले, "सिस्टर, तुमचं सगळं बरोबर. पण मी सुई दिली नाही तर हा माणूस उठून पलीकडच्या दवाखान्यात जाईल. तिथे याहून वाईट आहे."

ते खोटं नाही. पडद्यामागच्या खाटेवरच्या मजुराशी मी बोलले होते. बीड जिल्ह्यातला होता, बायको बाहेर पायरीवर बसलेली. अंगात कणकण, पाठ धरलेली. त्यानंच सलाईन मागितली होती. का, तर उद्या फडात जायचं आहे, खाडा परवडत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकानं अंग टाकलं की दोघांचं काम बुडतं, आणि उचल तर आधीच घेऊन झालेली. सलाईन लावली की ताकद येते, ही त्याची ठाम समजूत. आता त्या बाटलीत काय असतं ते ऐका. 500 मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर असते 25 ग्रॅम. म्हणजे चहाचे पाच चमचे. एवढी ताकद एका केळ्यात असते, आणि केळं खायला शीर शोधावी लागत नाही. ज्याला तोंडानं पिता येतं त्याला लिंबू-साखर-मिठाचं पाणी पुरतं. पण केळं खा, दोन दिवस पडून राहा, असं सांगणाऱ्या डॉक्टरला आपण पैसे देतो का? "नुसत्या गोळ्याच दिल्या, सुई नाही टोचली" ही तक्रार मी तेहतीस वर्षं ऐकली आहे. शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकली आहे. माझ्या स्वतःच्या जावेच्या तोंडूनही. त्या बाटलीच्या बुचात सुई खोचायला डॉक्टरचा हात जितका कारणीभूत, तितकीच ही आपली मागणीही कारणीभूत आहे.

पण म्हणून डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही. मी त्यांना आणखी एक विचारलं. ॲड्रेनलिन आहे का? कुठल्याही इंजेक्शनची एखाद्याला जोराची ॲलर्जी येऊ शकते. अंगावर गांधी उठतात, घसा बंद होतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दहा मिनिटांत हातचा जातो. त्यावर एकच औषध, ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, ताबडतोब. चहाला जेवढे पैसे जातात तेवढ्यात त्याची कुपी येते. दिवसाला चाळीस-पन्नास सुया जिथे टोचल्या जातात तिथे ती हाताशी हवी. त्यांनी खण उघडला. चिकटपट्ट्या, जुनी बिलं, औषध कंपनीच्या पेनांचा गठ्ठा, आणि तळाला एक कुपी. तारीख उलटून चौदा महिने झालेले. आतलं पाणी चहासारखं तांबूस पडलेलं. चांगलं ॲड्रेनलिन नितळ असतं. डॉक्टरांनी ती कुपी उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता कचऱ्यात टाकली. मला त्यांची दयाच आली. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या खणात पाहण्याची वेळ इतक्या वर्षांत आली नव्हती, आणि पाहा म्हणणारंही कुणी आलं नव्हतं.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्यात आहे. कुणी आलं नव्हतं.

आमच्या सरकारी केंद्रांना लोक नावं ठेवतात, बरीचशी रास्त ठेवतात. पण सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेला गुण देणारी कायाकल्प योजना 2015 मध्ये सुरू झाली, आणि ती आमच्यापर्यंत पोचल्यापासून आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी यायचं. हातात भलीमोठी यादी. छताला कोळिष्टकं आहेत का, हात धुवायच्या नळाला कोपरानं उघडायची दांडी आहे का, सुईकटर चालतो का, वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या का. प्रत्येकाला गुण. आम्ही सुरुवातीला वैतागलो. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं आठ दिवस आधीपासून झाडलोट चालायची, हे कबूल करते. पण त्या निमित्तानं लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायची सवय लागली. 2 ते 8 अंशांच्या बाहेर काटा गेला की फोन करायचा, हे अंगवळणी पडलं. फ्रिजमध्ये शिपायाचा डबा ठेवायचा बंद झाला. ज्या वर्षी आमच्या केंद्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, त्या वर्षी सगळ्यात जास्त आनंद आमच्या सफाईच्या मावशींना झाला होता.

रस्ता ओलांडला की खासगी दवाखाना. तिथे काय आहे ते बघायला कुणीच नाही. जिथे रुग्णांना दाखल करून घेतात त्या नर्सिंग होमसाठी आपल्या राज्यात 1949 चा नोंदणी कायदा आहे, 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक लावायची सक्ती झाली. ओपीडीचा दवाखाना म्हटला की तो त्यातून सुटतो, आणि पडद्यामागच्या तीन खाटा कुणी मोजत नाही. केंद्रानं 2010 मध्ये सगळ्या वैद्यकीय आस्थापनांसाठी कायदा केला, त्यात दवाखानेही येतात, पण तो ज्या त्या राज्यानं स्वीकारायचा असतो. महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. आपलाच वेगळा करू, ही चर्चा ऐकत ऐकत मी निवृत्त झाले. वैद्यकीय परिषद आहे, पण ती डॉक्टरचं वर्तन बघते, तेही तक्रार गेली तर. तिच्या नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक पाटीवर लावायचा असतो, चिठ्ठीवर छापायचा असतो. तो लागतो. बुचातल्या सुईला नोंदणी क्रमांक नसतो.

डॉक्टर मंडळींचा या कायद्यांना विरोध आहे, आणि तो मी नुसता झटकून टाकणार नाही. शहरातल्या पंचतारांकित इस्पितळाचे निकष खेड्यातल्या दोन खोल्यांना लावले तर त्या खोल्या बंद पडतील, आणि उरतील फक्त ते झोळीवाले. शिवाय तपासणीला येणारा माणूस यादी घेऊन येईल की पाकीट घ्यायला, ही भीतीही आपल्याकडे अनाठायी नाही. मला तसला कायदा नकोच आहे. मला एका कागदाची यादी हवी आहे. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी. प्रत्येकाला नवी सिरिंज, रुग्णासमोर फोडलेली. बुचात सुई नाही. सुयांना पांढरा डबा. तारखेतलं ॲड्रेनलिन. टोचणाऱ्याला लस आणि वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाची शिकवणी. एवढंच. मी नोकरीत असते तर एका दिवसात दहा दवाखाने पाहून आले असते. तालुका आरोग्य अधिकारी, डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेचा एक प्रतिनिधी आणि माझ्यासारखी एखादी निवृत्त बाई, असे तिघे वर्षातून एकदा गेले, तर पाकीट द्यायला घ्यायलाही अडचण होईल. दवाखान्यांत काम करणाऱ्या पोरींची शिकवणी ग्रामीण रुग्णालयात रविवारी घेता येईल. शिकवायला मी फुकट येते, हे इथे छापलंत तरी चालेल.

गोळ्यांच्या पुड्यांचंही मनात होतं. नातवाला मिळालेल्या पुडीत एक पिवळी, एक गुलाबी आणि पांढरीचा अर्धा तुकडा होता, कागदावर नावं नाहीत. उद्या पोराला पुरळ आलं तर दुसऱ्या डॉक्टरला मी काय सांगू, पिवळी चालली नाही? मी नावं लिहून मागितली, त्यांनी दिली. मागितली की देतात. आपण मागत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. पुढच्या मंगळवारी मी मेडिकलमधून कावीळ ब च्या लसीची कुपी घेतली, बर्फ घातलेल्या थर्मासमधून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पैसे मला देऊ दिले नाहीत. स्वतः हात धुतले, आमच्यासमोर सिरिंजचं पाकीट फोडलं आणि त्या पोरीला स्वतः टोचली. टोपण घालता घालता थांबले, माझ्याकडे बघितलं आणि सुई तशीच डब्यात टाकली. डबा अजून बिसलेरीचाच होता. तिनं दंड चोळत विचारलं, "ताप येतो काय ओ काकू याच्यानं?"

दुसरा डोस पुढच्या महिन्यातल्या बाजारादिवशी आहे. तारीख तिच्या मोबाइलवर घातली आहे आणि माझ्या कॅलेंडरवरही. परवा रस्त्यानं जाताना खिडकीतून डोकावले. खणाच्या वर ॲड्रेनलिनचं नवं खोकं दिसलं. बी-कॉम्प्लेक्सची बाटलीही नवी होती. बुचात सुई होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)